विसार परत गेला, तिथूनच सुरुवात करू

पत्र

"ताई, सप्रेम नमस्कार. आमचं पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे. यजमानांनी १९९८ साली घेतलं, तेव्हा ते सातपूरला कंपनीत होते. २००९ मध्ये गच्चीवर एक खोली आणि बाथरूम वाढवलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मृत्युपत्र वगैरे काही केलं नव्हतं. मुलगा पुण्यात आहे, मुलगी सुरतला. सासूबाई निफाडला दिरांकडे असतात. घरपट्टी आणि लाईट बिल मी माझ्या नावावर करून घेतलंय, मुलीला यातलं काही नको असं ती म्हणते. चौदा महिने झाले, घर विक्रीला आहे. मागच्या गल्लीतलं घर ९२ लाखांना गेलं म्हणून आम्ही ९५ सांगतो. तीन एजंट आहेत. पंचवीस-तीस जण बघून गेले. मार्चमध्ये एका कुटुंबाशी ८६ ला ठरलं, त्यांनी एक लाख विसार दिला, दीड महिन्याने 'घरच्यांचं मन होत नाहीये' म्हणून परत मागितला. मी दिला. शेजारी म्हणतात जिना ईशान्येला आहे म्हणून असं होतंय. जाऊबाई म्हणतात कुणाची तरी नजर आहे. मुलगी म्हणते कुंभमेळ्यापर्यंत थांब. मुलगा म्हणतो ७५ ला देऊन टाक आणि इकडे ये. लोक कपाटं उघडून बघतात तेव्हा पोटात कालवतं. नेमकं चुकतंय कुठे? आणि अंगणातलं तुळशीवृंदावन सोबत नेलं तर चालेल ना? ते यजमानांनी आणलेलं आहे."

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे फोटो मोठे करून बघितले. मी नाशिकमध्येच बावीस वर्षं बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करत होते. त्यामुळे माझं लक्ष आधी ९५ या आकड्याकडे गेलं नाही, जिन्याकडेही गेलं नाही. ते गेलं मार्चमधल्या त्या कुटुंबाकडे. तुमचं घर एकदा विकलं गेलं होतं, ताई. लोकांना ते आवडलं, भाव ठरला, पैसे हातात आले. मग मधल्या दीड महिन्यात असं काहीतरी झालं की ते परत फिरले. ते काय झालं हे कळल्याशिवाय भाव कमी करू नका आणि जिनाही हलवू नका.

घर पडून राहिलं की सगळे घराकडे बघतात. बघायचं असतं ते गिऱ्हाईक कुठपर्यंत येऊन थांबलं याकडे. फोनच येत नसतील तर भाव किंवा जाहिरात चुकलेली असते. लोक येतात, चहा घेतात, 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत, तेव्हा त्यांना घरात काहीतरी खटकलेलं असतं. आणि ठरलेलं मोडतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण कागदात सापडतं. तुमच्याकडे फोन आले, माणसं आली, विसारही आला. म्हणजे दुखणं बहुतेक शेवटच्या पायरीवर आहे.

'घरच्यांचं मन होत नाहीये' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. यजमान गेलेल्या बाईला तोंडावर 'तुमचे कागद पूर्ण नाहीत' असं सांगणं आपल्याकडे कुणालाही जड जातं. माणसं स्वतःच्या घरच्यांवर घेतात आणि बाजूला होतात. ते कर्ज काढणार होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण दीड महिना हा साधारण तेवढाच काळ आहे ज्यात बँकेचा वकील मालकीचा शोध अहवाल देतो आणि मूल्यांकन करणारा येऊन टेप लावून जातो. मार्च-एप्रिलमध्ये असा कुणी माणूस घर मोजायला आला होता का, आठवून बघा. आला असेल तर त्या गृहस्थांना आज फोन करा. पैशांचं बोलू नका. एवढंच विचारा, "बँकेने काय सांगितलं ते मला कळलं तर पुढच्या वेळी माझी अडचण होणार नाही." ते सांगतील.

माझ्या अंदाजाने बँकेने दोन गोष्टी सांगितल्या असतील.

पहिली नावाची. घरपट्टी तुमच्या नावावर झाली म्हणजे घर तुमच्या नावावर झालं, असा समज नाशिकमध्ये घरोघरी आहे, आणि तो फार महागात पडतो. घरपट्टीवरचं नाव म्हणजे कर कुणाकडून घ्यायचा याची महापालिकेची नोंद. लाईट बिलाचंही तसंच. मालकी बघितली जाते ती नोंदणीकृत खरेदीखतावर आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर, आणि तिथे अजून यजमानांचंच नाव असणार. मृत्युपत्र नसताना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई असे चौघे पहिल्या वर्गाचे वारस होतात, चौघांना सारखा वाटा. यजमानांची आई. निफाडच्या सासूबाईंचा या घरात चौथा हिस्सा आहे.

तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत, जाता जाता केला आहे. तुमच्या मनात काही वावगं नाही हे मला कळतं. मुलाच्या घरात आईचा वाटा असतो हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पण बँकेच्या वकिलाचं काम असल्या ओळी वाचायचंच असतं, आणि सासूबाईंच्या सहीशिवाय तो पुढे जाणार नाही. मुलीच्या सहीशिवायही नाही. तिला काही नको हे तिने फोनवर सांगून भागत नाही. तिने दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र तरी करून द्यायला हवं, नाहीतर खरेदीखतावर स्वतः सही करायला हवी.

सासूबाईंच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. स्वतः निफाडला जा. मुलाला सोबत घ्या, दिरांनाही बसवा, आणि सगळ्यांसमोर त्यांना सांगा की या घरात तुमचा वाटा आहे. त्यांना पैसे हवे असतील तर त्यांनी खरेदीखतावर सही करावी आणि त्यांच्या हिश्श्याचा चेक त्यांच्या खात्यात जावा. नको असतील तर त्या आपणहून हक्क सोडतील. 'इथे अंगठा द्या' म्हणून कागद पुढे करू नका, कुणी सुचवलं तरी. तो त्यांचा हक्क आहे, आणि असे अंगठे पुढे कोर्टात उघडे पडतात. त्यांना प्रवास झेपत नसेल तर अर्ज करून आणि शुल्क भरून दुय्यम निबंधकांना घरी बोलावून सही घेण्याची सोय आहे. पॅन कार्ड नसेल तर आत्ताच काढायला द्या. पन्नास लाखांवरच्या व्यवहारात घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस कापावा लागतो, विकणाऱ्याचं पॅन नसेल तर वीस टक्के.

हे काम लांबवू नका. सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण नातवंडं नोकरीला लागलेली आहेत त्यावरून अंदाज येतो. उद्या त्यांचं काही झालं तर त्यांचा चौथा हिस्सा दीर, नणंदा आणि तुमची मुलं यांच्यात वाटला जाईल. आज चार सह्या लागतात, तेव्हा किती लागतील ते तुम्हीच मोजा.

दुसरी गोष्ट गच्चीवरच्या खोलीची. २००९ मध्ये ती बांधताना महापालिकेची परवानगी घेतली होती का? तुम्ही 'वाढवलं' एवढंच लिहिलंय, त्यावरून घेतली नसावी. बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर नकाशा आणि कंप्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) हातात घेऊन येतो. नकाशात नाही ती खोली त्याच्या हिशोबात शून्य. मी स्वतः किती घरांत वरच्या मजल्यावरची छान फरशी बघून खाली येऊन ती वगळली आहे. त्या वेळी समोरच्या बाईंचा चेहरा बघवायचा नाही, पण अहवालात दुसरं काही लिहिता येत नाही.

आता त्या कुटुंबाच्या बाजूने हिशोब करू. ८६ लाखांचं घर, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. म्हणजे त्यांनी पावणेएकोणसत्तर लाखांच्या आसपास कर्ज धरलं होतं. समजा वरची खोली वगळून बँकेने घर ७६ लाखांचं धरलं. बँक करारातली किंमत आणि स्वतःचं मूल्यांकन यांतला कमी आकडा घेते, त्यामुळे कर्ज आलं ६१ लाखांच्या आत. आठ लाख एकाएकी खिशातून घालायची वेळ आली. मुद्रांक शुल्काचे पाच लाख आणि नोंदणीचे तीस हजार वेगळेच, आणि त्यासाठी कर्ज मिळत नाही. पगारावर जगणारं कुटुंब अशा वेळी काय करणार? 'घरच्यांचं मन होत नाहीये.'

खोलीवर उपाय आहे. महापालिकेच्या नगररचना विभागातली कामं करून देणारा एखादा वास्तुविशारद गाठा. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आहे आणि तिच्यात पूर्वीपेक्षा जास्त बांधकामाला जागा मिळते. तुमच्या प्लॉटवर ते बसत असेल तर तडजोड शुल्क भरून खोली नियमित होऊ शकते. बसत नसेल तर ती आहे तशी दाखवा, पण पहिल्याच भेटीत सांगा की ही खोली नकाशात नाही आणि भावातही धरलेली नाही. हे ऐकून पळणारं गिऱ्हाईक दीड महिन्याने पळणारच होतं.

यजमानांनी घरासाठी कर्ज काढलं होतं का? असेल तर ते फिटल्याचं पत्र आणि मूळ खरेदीखत तुमच्या कपाटात आहे का बघा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा शिल्लक आहे का तेही.

भावाकडे येऊ. मागच्या गल्लीतलं घर ९२ ला गेलं हे तुम्हाला कुणी सांगितलं? विकणारा वाढवून सांगतो, घेणारा कमी, एजंटला ज्या आकड्याने पुढचं घर मिळेल तो आकडा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या घराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, मुलाला शोधायला सांगा. खरी नोंदलेली किंमत आणि क्षेत्रफळ दोन्ही तिथे दिसतं. मग ते घर रस्त्यावरून बघून या. कोपऱ्यावरचं आहे का, समोरचा रस्ता किती रुंद आहे, त्यांचा वरचा मजला मंजूर होता का. 'तसंच घर' म्हणताना आपण रंग आणि खोल्या बघतो. बँक बघते मंजूर क्षेत्रफळ.

तुमचा खरा भाव बाजाराने मार्चमध्ये सांगितला आहे. अनोळखी माणसाने स्वतःचे पैसे पुढे करून ८६ म्हटलं, आणि तेही वरची खोली मोजून. खोली नियमित झाली तर ८८ सांगा आणि ८५-८६ ला या. नाही झाली तर ८० च्या खाली-वर तयारी ठेवा. मुलगा म्हणतो ते ७५ मला आज पटत नाही. तो तुमच्या काळजीने बोलतोय, पण कागद अर्धवट ठेवून ७५ ला काढलं तरी बँकेचा वकील तोच प्रश्न विचारणार आहे. आणि ९५ वर अडून बसण्यातही अर्थ नाही. तुमच्या भागात घर घेणारे बरेचसे अंबड-सातपूरचे नोकरदार, शिक्षक, नाहीतर दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबागायतदार मंडळी, ज्यांना मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर हवं असतं. पहिल्यांना कर्ज लागतं. दुसऱ्यांच्या हातात माल गेल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी पैसा असतो. ९५ चा आकडा ऐकून यातला कुणीच 'बघून तर येऊ' म्हणत नाही.

बागायतदारांपैकी कुणी म्हणेल, कागदावर ६० दाखवू, बाकी रोख देतो, बँकेची भानगडच नको. नाही म्हणा. जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजारांच्या वर रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय तुमच्यात चार वाटेकरी आहेत, त्या रोख पैशांवरून उद्या घरात वाद नको.

आता घरात येणाऱ्यांना काय खटकत असेल ते. तुमच्या तिसऱ्या फोटोत पोर्च आहे. डावीकडे झोपाळा, मागे तुळशीवृंदावन, भिंतीला लागून कुंड्या (मी अकरा मोजल्या), आणि मधोमध चादर टाकून उभी केलेली स्कूटर. ती यजमानांची असणार. ज्याच्याकडे गाडी आहे किंवा पुढच्या वर्षी घ्यायची आहे, तो माणूस फाटकातच थांबतो आणि मनातल्या मनात गाडी लावून बघतो. त्याला जागा दिसत नाही. जागा आहे, पण ती झाकलेली आहे. स्कूटर मुलाकडे पाठवा किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा, कुंड्या गच्चीवर न्या. पोर्चची लांबी-रुंदी मोजून जाहिरातीत लिहा.

पाचव्या फोटोत हॉलच्या छताचा एक कोपरा बाकी छतापेक्षा जास्त पांढरा दिसतो. तिथे ओल आली होती आणि त्यावर रंग दिलाय, हो ना? एकदा उपनगरकडे मूल्यांकनाला गेले होते, घरात उदबत्तीचा घमघमाट होता. घेणारी बाई काही न बोलता हॉलच्या भिंतीवर तळहात टेकून उभी राहिली. मिनिटभराने हात काढला, पदराला पुसला आणि नवऱ्याला म्हणाली, चला. रंग डोळ्यांना फसवतो, हाताला नाही. आषाढ चालू आहे, पाऊस पडून गेला की गच्चीवर जा आणि पाणी कुठे साचतं ते बघा. खोलीची भिंत जिथे जुन्या गच्चीला मिळते तो सांधा आधी तपासा. पावसाळा संपला की तेवढ्या भागाचा कोबा नीट करून घ्या आणि त्या कामाची पावती जपून ठेवा. गळती होती, दुरुस्त केली, ही पावती, असं सांगितलं की माणूस निश्चिंत होतो.

घर दाखवायला तुम्ही थांबू नका. कपाट उघडताना तुमच्या पोटात कालवतं ते तुमच्या चेहऱ्यावर दिसत असणार, आणि समोरच्याला आपण कुणाच्या दुःखात शिरलोय असं वाटतं. तो मोकळेपणाने प्रश्न विचारत नाही, भावही करत नाही. नुसता निघून जातो. शेजारच्या विश्वासातल्या बाईंकडे किल्ली द्या आणि त्या अर्ध्या तासात देवळात जाऊन बसा. कपाटं आधी रिकामी करता आली तर फारच बरं. यजमानांचे कपडे अजून तिथेच असतील तर ते काम मुलीला बोलावून दोघींनी करा, एकटीने करू नका.

तीन एजंटांची आत्ता गरज नाही. तुमच्याच घराच्या तीन जाहिराती तीन भावांत फिरत असतील. आज घर घेणारा सगळ्या बघतो, आणि एकच झोपाळा तीन ठिकाणी दिसला की त्याला वाटतं, ही बाई अडचणीत आहे, थांबू. सगळ्या जाहिराती काढायला लावा. कागद होईपर्यंत घर बाजारात नसू दे. पितृपक्षात तसंही कुणी घराचं बोलत नाही. दसऱ्याला नव्या फोटोंनी, एका भावाने, एकाच एजंटकडे द्या, तीन महिन्यांच्या बोलीवर आणि दलाली किती ते लिहून घेऊन.

ईशान्येच्या जिन्याबद्दल. ज्यांची वास्तूवर खरी श्रद्धा आहे ते हे घर घेणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण आठ लाख कमी पडले हे सांगण्यापेक्षा जिना ईशान्येला आहे हे सांगणं सोपं असतं, म्हणून तो जिना तुमच्या कानावर जास्त येतो. मार्चमधल्या कुटुंबाने जिना बघूनच विसार दिला होता. तो तोडायला एक रुपयाही घालू नका. नजरेचं म्हणाल तर दृष्ट काढून मनाला बरं वाटत असेल तर जरूर काढा, पण त्याच आठवड्यात निफाडलाही जाऊन या.

कुंभमेळ्यासाठी थांबू नका. २०१५ च्या सिंहस्थाआधीही हेच बोललं जात होतं, तेव्हा थांबलेल्यांची घरं मी नंतर मोजली आहेत. २०२७ साठी शहरात रस्त्यांची कामं होतील, त्याचा फायदा होईल तो होईल. पण पाथर्डी फाट्याचं रो-हाऊस घेणारा माणूस साधुग्राम बघून घर घेत नाही. मुलांची शाळा आणि कंपनीची बस बघून घेतो. ८४ लाख सहा टक्क्यांनी बँकेत असते तर महिन्याला ४२ हजार व्याज झालं असतं. वर्षभर थांबलात तर पाच लाख गेले, आणि घर एक वर्षाने जुनं झालं.

विक्रीआधी करसल्लागाराला एकदा भेटा. घर २००१ च्या आधीचं आहे, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, आणि कर मोजायच्या दोन पद्धतींतली कमी पडेल ती निवडता येते. चौघांचा कर वेगवेगळा मोजला जाईल, तुम्ही पुण्यात घर घेणार असाल तर तेही आधीच सांगा.

एक विचारू का? पत्रात मुलगा काय म्हणतो, मुलगी काय म्हणते, जाऊबाई काय म्हणतात हे सगळं आहे. तुम्हाला पुण्याला जायचंय का, ते कुठे दिसलं नाही. जायचं नसेल तर तेही मुलाशी बोला. कागद मात्र दोन्ही बाजूंनी करावेच लागतील, घर ठेवलं तरी आणि विकलं तरी.

तुळशीवृंदावन नेता येईल. फक्त ते विसार पावतीवरच लिहून घ्या: तुळशीवृंदावन आणि पोर्चमधला झोपाळा विक्रीत धरलेला नाही. नाहीतर घर बघताना ज्यांना ते आवडलं, ते ताबा घ्यायच्या दिवशी रिकामी जागा बघून नाराज होतात, आणि शेवटच्या दिवशीची नाराजी वाईट. फोटोवरून ते सिमेंटचं, अडीच फूट तरी उंच दिसतं, खाली पक्कं बसवलेलं असेल तर काढताना तडकू शकतं. त्यामुळे आधी गवंड्याला दाखवा, आणि मुलाला त्याच्या बाल्कनीची मापं पाठवायला सांगा.